तरुण ताऱ्याभोवतीच्या तबकडीत ग्रह घडताना दिसतो, असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

मांजरातीर (औसा, जि. लातूर)

नमस्कार. मी औसा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. सूर्यमालेच्या उत्पत्तीविषयी बोलताना मी नववीच्या वर्गात पीडीएस ७० या ताऱ्याचे छायाचित्र दाखवले. मध्यभागी झाकलेला तारा, भोवती धूळ आणि वायू यांची तबकडी, तबकडीत एक रुंद मोकळा पट्टा आणि त्या पट्ट्यात एक तेजस्वी ठिपका असे ते चित्र आहे. हा ठिपका म्हणजे घडत असलेला ग्रह आहे, असे मी सांगताच एका विद्यार्थिनीने दोन प्रश्न विचारले. ग्रह घडायला लाखो वर्षे लागत असतील, तर तो घडताना आपण पाहिला असे कसे म्हणता येईल? आणि तो ठिपका ग्रहच आहे, धुळीचा नुसता पुंजका नाही, हे कशावरून?

दोन्ही प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात, कारण वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या बातम्यांत "ग्रहाचा जन्म टिपला" एवढेच वाक्य असते आणि ते कसे कळले याचा पत्ता नसतो. मुलांना आपण निष्कर्ष सांगतो, पण त्यामागचा पुरावा सांगत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

गोदातीर (पैठण)

सर, पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या शिवारात मिळेल. हिवाळ्यात एकाच दिवशी चार गावांच्या रानांतून गेलात, तर कुठे ज्वारी पोटऱ्यात असते, कुठे निसवलेली असते, कुठे हुरड्यात आलेली असते. एकच ताट पेरणीपासून काढणीपर्यंत पाहत बसण्याची गरज पडत नाही. खगोलशास्त्रज्ञही वेगवेगळ्या वयांचे तारे पाहून क्रम लावतात. एचएल टॉरी हा तारा दहा लाख वर्षांहूनही लहान आहे, पीडीएस ७० चे वय सुमारे ५४ लाख वर्षे मानले जाते, आणि बीटा पिक्टोरिस सुमारे दोन कोटी वर्षांचा आहे. पहिल्याभोवती धूळ आणि वायू यांची दाट तबकडी आहे, दुसऱ्याच्या तबकडीत मोठी मोकळी जागा तयार झाली आहे, आणि तिसऱ्याभोवती मूळचा वायू जवळजवळ संपून टकरींतून निर्माण झालेली धूळ उरली आहे.

साशंक_जालना

गोदातीर यांची उपमा समर्पक आहे, पण ती कुठे अपुरी पडते हेही मुलांना सांगितले पाहिजे. शेतात ज्वारीच पेरली आहे हे आपल्याला आधीपासून माहीत असते. ताऱ्यांच्या बाबतीत वस्तुमान वेगळे, परिसर वेगळा, सुरुवातीच्या तबकडीचा आकार वेगळा. मृग नक्षत्रातील तेजोमेघात जवळच्या प्रखर ताऱ्यांच्या अतिनील प्रारणामुळे लहान ताऱ्यांच्या तबकड्या झिजत आहेत, हे हबल दुर्बिणीने १९९०च्या दशकातच दाखवले. उलट टीडब्ल्यू हायड्री हा तारा सुमारे एक कोटी वर्षांचा असूनही त्याच्याभोवती अजून वायूची मोठी तबकडी आहे, तर बहुतेक ताऱ्यांची तबकडी याच्या निम्म्या काळातच विरून जाते. त्यामुळे नुसत्या वयावरून अवस्था ठरत नाही. क्रम लावणे हा अनुमानाचा भाग आहे, प्रत्यक्ष पाहण्याचा नाही.

परभणीची_स्वाती

मांजरातीर सर, मी भौतिकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले असून तबकड्यांविषयीचे संशोधन नियमित वाचते. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पीडीएस ७० इतका भक्कम पुरावा फार थोड्या ताऱ्यांच्या बाबतीत उपलब्ध आहे.

हा तारा नरतुरंग तारकासमूहात सुमारे ३७० प्रकाशवर्षांवर आहे. २०१८ मध्ये चिलीतील व्हीएलटी दुर्बिणीवरच्या स्फिअर या उपकरणाने त्याच्या तबकडीच्या मोकळ्या पट्ट्यात पीडीएस ७० बी हा ग्रह टिपला. तो ताऱ्यापासून सुमारे तीन अब्ज किलोमीटरवर, म्हणजे आपल्याकडे युरेनस जितका दूर आहे साधारण तितका दूर आहे. पहिली कसोटी अशी की, तो वेगवेगळ्या उपकरणांच्या आणि वेगवेगळ्या वर्षांच्या छायाचित्रांत दिसला. २०१२ च्या जुन्या निरीक्षणांतही तो सापडला, आणि या सहा वर्षांत तो ताऱ्याभोवतीच्या कक्षेला साजेल असाच सरकलेला होता. मागच्या आकाशातला एखादा दूरचा तारा असता तर तो तसा सरकला नसता. या ग्रहाला एका प्रदक्षिणेला सुमारे १२० वर्षे लागतात, म्हणजे वर्षाला साधारण तीन अंश.

दुसरी कसोटी अधिक बोलकी आहे. ग्रहावर हायड्रोजन वायू वेगाने कोसळतो तेव्हा तो तापतो आणि ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश देतो. त्याला हायड्रोजन-अल्फा रेषा म्हणतात. २०१९ मध्ये व्हीएलटीवरच्याच म्यूज या उपकरणाने ही रेषा बी ग्रहाच्या जागी पाहिली आणि त्याच निरीक्षणात पट्ट्याच्या बाहेरच्या कडेजवळ दुसरा ग्रह, पीडीएस ७० सी, सापडला. ताऱ्याच्या प्रकाशातही ही रेषा असते, त्यामुळे धुळीवरून परावर्तित झालेला ताऱ्याचाच प्रकाश आपण पाहत असू अशी शंका रास्त ठरते. परंतु ग्रहांच्या जागी मिळालेल्या रेषेची रुंदी ताऱ्याच्या रेषेशी जुळत नाही, म्हणून तो प्रकाश त्या ठिकाणीच निर्माण होत असला पाहिजे.

तिसरा पुरावा २०२१ मध्ये मिळाला. आल्मा या दुर्बिणींच्या समूहाने सी ग्रहाभोवती त्याची स्वतःची छोटी तबकडी दाखवली. तिचा व्यास सूर्य आणि पृथ्वी यांच्यातील अंतराएवढा आहे आणि तिच्यात आपल्या चंद्राएवढे तीन उपग्रह घडतील इतके द्रव्य आहे. धुळीच्या भटक्या पुंजक्याभोवती अशी रचना टिकून राहत नाही.

साशंक_जालना

स्वातीताई, पीडीएस ७० विषयी माझा वाद नाही. पण सरांच्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न सर्वच चित्रांना लागू होतो आणि इतर चित्रांचा इतिहास फारसा निर्दोष नाही. एलकेसीए १५ या ताऱ्याच्या तबकडीत ग्रह असल्याचे जाहीर झाले होते, २०१५ मध्ये त्यांतील एका ठिकाणी हीच हायड्रोजन-अल्फा रेषा मिळाल्याचेही प्रसिद्ध झाले, आणि २०१९ मध्ये अधिक स्पष्ट छायाचित्रांत त्या जागी तबकडीच्या आतल्या भागाची वक्र कड असल्याचे दिसून आले. फोमलहॉट या ताऱ्याभोवती २००८ मध्ये जाहीर झालेला ग्रह पुढे पसरत आणि विरत गेला, आणि तो टकरीतून निर्माण झालेला धुळीचा ढग असावा असे मत बळावले. तिथे विद्यार्थिनीची शंका अक्षरशः खरी ठरली.

आणि तबकडीत कडी दिसली म्हणजे प्रत्येक मोकळ्या पट्ट्यात ग्रह आहे, हेही सिद्ध होत नाही. आल्माने २०१४ मध्ये दाखवलेले एचएल टॉरीचे चित्र जगभर गाजले, पण त्या काळ्या पट्ट्यांची इतर कारणेही सुचवली गेली आहेत: पाणी किंवा कार्बन मोनॉक्साइड गोठण्याच्या सीमेवर धुळीचे गुणधर्म बदलणे, किंवा चुंबकीय क्षेत्रामुळे वायूत कडी तयार होणे. त्या पट्ट्यांत ग्रह थेट दिसलेले नाहीत.

निवृत्त_अभियंता (नांदेड)

साशंक यांनी सांगितलेल्या चुका का होतात हे समजण्यासाठी ही छायाचित्रे कशी काढतात ते पाहावे लागेल. मी आयुष्यभर यंत्रसामग्रीत काम केल्यामुळे मला हा भाग सर्वांत रोचक वाटतो.

पीडीएस ७० बी हा ताऱ्यापासून आकाशात सुमारे ०.२ कोनीय सेकंद दूर दिसतो. एका अंशाचे १८ हजार भाग केले तर त्यातला एक भाग. शिवाय अवरक्त प्रकाशातही तो ताऱ्यापेक्षा हजारपटीहून अधिक मंद आहे. म्हणून पहिले काम वातावरणाने थरथरवलेली प्रतिमा सावरण्याचे असते. आकार बदलणारा एक छोटा आरसा सेकंदाला शेकडो वेळा किंवा त्याहून अधिक वेळा आपला पृष्ठभाग जुळवून घेतो. दुसरे काम करोनाग्राफचे. हे उपकरण ताऱ्याचा प्रकाश अडवते. बर्नार लिओ यांनी ते १९३०च्या सुमारास सूर्याचा प्रभामंडल पाहण्यासाठी तयार केले होते.

एवढे करूनही ताऱ्याच्या प्रकाशाचे ठिपके उरतातच, आणि ते ग्रहासारखेच दिसतात. त्यावरची युक्ती अशी: पृथ्वीच्या फिरण्यामुळे रात्रभरात आकाश कॅमेऱ्याच्या चौकटीत गोल फिरू द्यायचे. दुर्बिणीतील दोषांमुळे आलेले ठिपके चौकटीत जागेवर राहतात आणि खरा ग्रह मात्र ताऱ्याभोवती फिरलेला दिसतो. सर्व चित्रांतील समान भाग वजा केला की स्थिर ठिपके जातात आणि फिरणारा ठिपका राहतो.

दोषही याच युक्तीत आहे. तबकडी ही पसरलेली वस्तू असल्याने वजाबाकीत तिचा मोठा भाग स्वतःलाच खाऊन टाकतो आणि तिच्या कडेचे तुकडे तेजस्वी गाठींसारखे उरतात. अशी गाठ आणि ग्रह एका चित्रावरून वेगळे ओळखणे अनुभवी माणसालाही कठीण जाते. म्हणून वेगवेगळ्या तरंगलांबी, वेगवेगळी उपकरणे आणि वर्षांच्या अंतराने घेतलेली चित्रे यांचा आग्रह धरला जातो.

हिंगोलीकर

धागा वाचून पुष्कळ कळले, आभार. एक शंका आहे. आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया प्रकल्प उभा राहत आहे आणि गावात लोक म्हणतात की त्यातून नवे ग्रह दिसतील. तसेच खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने आल्मासारखी चित्रे का काढली नाहीत?

परभणीची_स्वाती

हिंगोलीकर, लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली आहे. तिथे चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंतून लेझर किरण जाऊन परत येतील आणि गुरुत्वीय लहरींमुळे बाहूंच्या लांबीत होणारा अतिसूक्ष्म फरक मोजला जाईल. कृष्णविवरे किंवा न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन होतात अशा घटनांसाठी ते यंत्र आहे. धुळीच्या तबकडीत ग्रह घडताना निर्माण होणाऱ्या गुरुत्वीय लहरी इतक्या क्षीण असतात की त्या त्याच्या आवाक्यात येत नाहीत. गावकऱ्यांना मात्र हे अवश्य सांगावे की जिल्ह्यात येणारे काम कमी महत्त्वाचे नाही, फक्त त्याचा विषय वेगळा आहे.

जीएमआरटीचे उत्तर तरंगलांबीत आहे. आपल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना लांब तरंगलांबीच्या रेडिओ लहरींसाठी बांधलेल्या आहेत. तबकडीतील थंड धूळ प्रामुख्याने मिलिमीटर आणि त्याहून लहान लहरींत तेज देते, आणि त्या लहरी हवेतील बाष्प शोषून घेते. त्यामुळे आल्माच्या ६६ अँटेना चिलीच्या वाळवंटात सुमारे ५,००० मीटर उंचीवर, जगातील अत्यंत कोरड्या हवेत उभारल्या आहेत. तत्त्व दोन्हीकडे एकच आहे: अनेक अँटेनांचे संदेश एकत्र करून एका विशाल दुर्बिणीइतका बारकावा मिळवणे.

साशंक यांच्या कड्यांविषयीच्या आक्षेपाला आल्माकडूनच एक उत्तर मिळते. धूळ नव्हे, वायूची गती पाहायची. कार्बन मोनॉक्साइडच्या रेषेवरून तबकडीत कुठे वायू किती वेगाने फिरतो याचा नकाशा काढता येतो. २०१८ मध्ये एचडी १६३२९६ या ताऱ्याच्या तबकडीत दोन स्वतंत्र गटांनी अपेक्षित गतीपासून विचलन दाखवले आणि ते मोठ्या ग्रहांच्या गुरुत्वाकर्षणाशी जुळत होते.

अंबाजोगाईकर

सर, चर्चा पुढे चालू द्यावी, पण तुमच्या विद्यार्थ्यांना हे तारे स्वतःच्या डोळ्यांनी दाखवा अशी माझी कळकळीची सूचना आहे. आपल्या भागात पावसाळा संपल्यावर महिनोन्महिने आकाश निरभ्र असते, आणि गावाबाहेर गेले की अंधारही मिळतो.

बीटा पिक्टोरिस नुसत्या डोळ्यांनी दिसतो. जानेवारीच्या अखेरीस रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास दक्षिणेला अगस्त्य ओळखावा. त्याच्या किंचित वर आणि पश्चिमेला चौथ्या प्रतीचा हा तारा क्षितिजापासून सुमारे वीस अंशांवर असतो. अंतर ६३ प्रकाशवर्षे. १९८३ मध्ये आयआरएएस उपग्रहाला त्याच्याकडून अपेक्षेपेक्षा जास्त अवरक्त प्रारण येताना आढळले आणि १९८४ मध्ये चिलीतूनच त्याच्या तबकडीचे छायाचित्र मिळाले. एखाद्या ताऱ्याभोवतीच्या अशा तबकडीचे ते पहिले छायाचित्र होते. पुढे तिच्यात ग्रहही सापडले. दिल्ली किंवा लंडनच्या शाळकरी मुलांना तो आपल्याइतका चांगला दिसत नाही, लंडनला तर उगवतच नाही.

एबी ऑरिगी हा सारथी तारकासमूहातील तारा साध्या द्विनेत्रीतून दिसतो. आणि एचएल टॉरी तर लातूर-धाराशिवच्या बरोबर डोक्यावरून जातो, कारण त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर) उत्तर सव्वाअठरा अंश आहे आणि लातूरचे अक्षांशही जवळपास तेवढेच आहेत. छोट्या दुर्बिणीतून तो दिसत नाही, पण रोहिणीपासून दोन अंशांवरची जागा दाखवता येते. डिसेंबरच्या सुरुवातीला मध्यरात्रीच्या सुमारास मुलांना मान वर करून पाहायला सांगा.

गोदातीर (पैठण)

ही माहिती फार मोलाची आहे. आमच्या वाचनालयाच्या आकाशदर्शनात आम्ही आजवर रोहिणी दाखवत होतो. यापुढे तिच्या शेजारची ही जागाही दाखवू.

साशंक_जालना

अंबाजोगाईकर यांनी एबी ऑरिगीचा उल्लेख केला, म्हणून सांगतो. २०२२ मध्ये सुबारू दुर्बिणीच्या आधारे तिथे एक घडता ग्रह जाहीर झाला. तो ताऱ्यापासून सूर्य आणि पृथ्वी यांच्यातील अंतराच्या नव्वदपटीहून दूर आहे. हबलच्या तेरा वर्षांच्या अंतरावरील चित्रांत त्याची हालचालही दिसली, ही जमेची बाजू. पण तो अजून दाट तबकडीत गुरफटलेला असल्यामुळे दिसणाऱ्या प्रकाशात ताऱ्याचा परावर्तित प्रकाश किती आणि त्याचा स्वतःचा किती, यावर मतभेद आहेत. हा ग्रह सिद्ध झाला तर सिद्धान्ताच्या दृष्टीने मोठी गोष्ट होईल. इतक्या दूर खड्यांपासून हळूहळू गाभा वाढून ग्रह तयार व्हायला वेळ पुरत नाही, म्हणून तबकडीचा एखादा जड भाग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने थेट कोसळला असावा अशी शक्यता तिथे मांडली जाते.

आणखी एक मुद्दा. २०२१ मध्ये हबलने पीडीएस ७० बी वर द्रव्य पडण्याचा दर मोजला. तो इतका कमी आहे की आणखी दहा लाख वर्षे तसाच राहिला, तर ग्रहात गुरूच्या वस्तुमानाच्या केवळ एक शतांशाएवढी भर पडेल. ग्रहाचे वस्तुमान मात्र गुरूच्या काही पट आहे. म्हणजे त्याची बहुतेक वाढ आपण पाहण्यापूर्वीच झालेली आहे.

मांजरातीर (औसा, जि. लातूर)

सर्वांचे मनापासून आभार. अंबाजोगाईकर काका, डिसेंबरमध्ये मुलांना नक्की दाखवीन. साशंक यांच्या शेवटच्या मुद्द्यामुळे माझा पहिला प्रश्न पुन्हा उभा राहतो. वाढ जर जवळजवळ संपली असेल, तर घडण्याची क्रिया चालू असताना आपण नेमके काय पाहतो?

परभणीची_स्वाती

सर, आपण द्रव्य पडताना पाहतो, आणि ते माणसाच्या आयुष्याच्या काळात बदलताना पाहतो. पीडीएस ७० च्या दोन्ही ग्रहांची हायड्रोजन-अल्फा रेषा चिलीतील मॅजेलन दुर्बिणीवरून सलग तीन वर्षे मोजली गेली. त्या काळात आतला ग्रह या प्रकाशात बराच मंदावला आणि बाहेरचा उजळला. वायूचा ओघ कमीजास्त होत असल्याखेरीज असे का व्हावे, याचे दुसरे सोपे कारण दिसत नाही. संपूर्ण वाढ पाहायला लाखो वर्षे लागतील हे खरे, पण त्या वाढीचे कारण असलेली क्रिया आपण वर्षागणिक मोजू शकतो. तुमच्या विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाला मी हेच उत्तर देईन. सोबत एवढी भर घालीन की ही मोजलेली वर्षे ३७० वर्षांपूर्वीची आहेत. तो प्रकाश तिकडून निघाला तेव्हा इकडे शिवाजी महाराजांच्या स्वराज्याची उभारणी चालू होती.

घडण्याच्या दुसऱ्या टोकाचेही निरीक्षण झाले आहे. जुलै २०२५ मध्ये मृगातील सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरच्या होप्स-३१५ या अतिशय तरुण ताऱ्याभोवती, तप्त सिलिकॉन मोनॉक्साइड वायूतून घन खनिजे गोठू लागल्याची चिन्हे जेम्स वेब अवकाश दुर्बीण आणि आल्मा यांना मिळाली. आपल्या सूर्यमालेत अशा पहिल्या घन कणांचे वय अशनींवरून सुमारे ४५६.७ कोटी वर्षे काढलेले आहे.

निवृत्त_अभियंता (नांदेड)

साशंक यांच्या कड्यांच्या आक्षेपाला ऑगस्ट २०२५ मध्ये एक ठोस प्रत्युत्तर मिळाले आहे. विस्पिट २ या सुमारे ५० लाख वर्षांच्या, सूर्यासारख्या ताऱ्याच्या अनेक कड्यांच्या तबकडीत, दोन कड्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात ग्रह थेट दिसला. तो अवरक्त प्रकाशात दिसला, हायड्रोजन-अल्फामध्येही दिसला, आणि त्याचे वस्तुमान गुरूच्या सुमारे पाचपट आहे. पट्टा ग्रहाने साफ केला, ही कल्पना निदान एका तबकडीत तरी डोळ्यांसमोर आली.

साशंक_जालना

काका, ते निरीक्षण मी आनंदाने मान्य करतो. मात्र त्यावरून एचएल टॉरीच्या सर्व पट्ट्यांत ग्रह आहेत असा निष्कर्ष काढता येत नाही. तिथे धूळ इतकी दाट आहे की लहान ग्रह असले तरी त्यांचा प्रकाश बाहेर येत नाही, आणि पृथ्वीएवढा घडता ग्रह कोणत्याही तबकडीत थेट पाहण्याची क्षमता आजच्या दुर्बिणींत नाही. आजवर दिसलेले सर्व गुरूपेक्षा जड आणि ताऱ्यापासून दूर आहेत.

मांजरातीर सर, वर्गात पुढच्या वेळी पीडीएस ७० च्या शेजारी एलकेसीए १५ ची २०१५ ची आणि २०१९ ची चित्रेही दाखवा. कोणता ठिपका टिकला आणि कोणता टिकला नाही, आणि का, हे मुलांना स्वतः जुळवू द्या. त्या विद्यार्थिनीला सर्वांत आधी बोलू द्यावे.